अण्णांचा बंब

आमच्या वैरागच्या घरात पहाटेची पहिली चाहूल कोंबड्याची नसे, अण्णांच्या तांब्याच्या बंबाची असे. शेणकुटाचा तुकडा, चार तुराट्या आणि एक फुंकर, हे त्यांचे नित्यकर्म. दिवाळीआधी तो बंब चिंचेने लख्ख घासण्याचा मान तर ते कुणालाच देत नसत. आमच्याकडे पावसाची वानवा असेल, उन्हाची कधीच नाही. तेव्हा गेल्या उन्हाळ्यात मी गच्चीवर २०० लिटरचा सौर बंब बसवला. सगळे घर खूश झाले. अण्णा तेवढे गप्प झाले. ८२व्या वर्षी माणसाच्या हातचे काम काढून घेणे म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगले नाही.

दसरा झाला आणि गळक्या गच्चीचे काम निघाले. आता हा सौर बंब दिसायला दांडगा, पण प्रकृतीने भारीच नाजूक! दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या बसवलेल्या काचेच्या नळ्या. प्रत्येक नळी दुहेरी काचेची, मधली हवा काढून घेतलेली. थर्मास बाटलीचीच करामत म्हणा ना! गवंड्याच्या हातून एक वीट निसटली की कारभार आटोपला. कठड्याचा गिलावा होईपर्यंत मी नळ्यांवर गोणपाट बांधले. टाकीच्या माथ्यावरची हवेची नळी मात्र उघडीच ठेवली. तिचा श्वास कोंडून चालत नाही. पुढे कोब्यासाठी सांगाडाच हलवावा लागला. तेव्हा एकेक नळी उतरवून, सौभाग्यवतींच्या गोधड्यांत गुंडाळून, माजघरात पलंगाखाली निजवली. तान्ह्या बाळाचीसुद्धा इतकी काळजी आम्ही घेतली नसेल.

कोबा पाणी पिऊन पक्का झाला. दिवाळी चार दिवसांवर आली. सकाळीच नळ्या जागेवर चढल्या, दुपारी एकला पाइपांची जोडणी पुरी झाली. मी उत्साहाने ओरडलो, "सोडा पाणी!"

"थांबा!" जिन्यातून आवाज आला. काठी टेकत, धापा टाकत अण्णा वर आले होते.

"कोरड्या बंबात आधी निखारे घालून मग पाणी ओततात काय रे?"

"अहो अण्णा, यात निखारा कुठला?"

त्यांनी काही न बोलता काठी वर केली. डोक्यावर ऑक्टोबरचा सूर्य रखरखत होता.

प्लंबरने जीभ चावली. उन्हात कोरडी राहिलेली नळी आतून २०० अंशांच्याही वर तापते. तीत एकदम गार पाणी शिरले की काच तडकते. गोधड्यांनी आठवडाभर जपलेले माझ्या एका आरोळीने गेले असते. आयुष्यभर तांब्याचा बंब राखलेल्या माणसाला ते सांगायला पुस्तक लागले नाही.

गोणपाट पुन्हा चढले. "पहाटे सोडू पाणी," अण्णा म्हणाले. आणि कित्येक महिन्यांनी ते चारला उठले. अंधारात नळ्यांवरून हात फिरवून गार असल्याची खात्री केली, मगच आपल्या हाताने चावी उघडली.

नरकचतुर्दशीला नळाखाली हात धरून तेच उभे होते. "चला रे पोरांनो, पाणी तापलंय!" अशी हाक आली, आणि आमच्या घरी दिवाळी उजाडली.