रिकाम्या रकान्यांबद्दल माझं बदललेलं मत

नवं खरेदी सॉफ्टवेअर आलं की पुरवठादारांची सगळी यादी एका फाईलने, एका रात्रीत चढवून मोकळं व्हावं, असं मी वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आलो. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांच्या खरेदी विभागांत माझी हयात गेली आणि या कामासाठी मला मुद्दाम बोलावणं यायचं. आधी सगळे आत येऊ द्या, दुरुस्त्या मागाहून करू, हे माझं ठरलेलं उत्तर असे. आज मी याच्या उलट सांगतो. पुरवठादाराने स्वतःच्या ओळीवर नजर टाकून ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय ती ओळ आत जाऊ नये; त्यासाठी सॉफ्टवेअर उशिरा सुरू झालं तरी चालेल.

जुन्या मतामागे कारणं होती आणि ती आजही मला पटतात. एकेक नाव हाताने भरणं म्हणजे चुकांना आमंत्रण. पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक दिवसभर टाइप करणाऱ्याकडून शून्याच्या जागी ‘ओ’ पडतोच. शिवाय जुनं आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी-शेजारी चालवण्याचा ताण ज्याने सोसला आहे, त्यालाच त्याची किंमत ठाऊक. पीओ (खरेदीची ऑर्डर) जुन्यात, जीआरएन (माल आल्याची नोंद) नव्यात आणि बिल कुठल्यातरी फायलीत. तो गोंधळ टाळायचा तर एकाच झटक्यात सगळं हलवणं हाच मार्ग, असं मला मनापासून वाटे.

फाईलीतले खाचखळगेही पाठ होते. एक्सेल बँकेच्या खातेक्रमांकाला आकडा समजतं. मग सुरुवातीची शून्यं गळतात आणि पंधरा आकड्यांपुढचं सगळं शून्य होतं, म्हणजे सोळा आकडी खात्याचा शेवटचा आकडा कुणाला न सांगता बदलतो. म्हणून तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवायचा. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात गेली, कॉर्पोरेशन आणि आंध्र बँक युनियन बँकेत गेल्या. त्यांचे जुने आयएफएससी शोधून बदलायचे. जीएसटी क्रमांकातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे पॅन, तेव्हा दोन्ही रकाने एकमेकांशी ताडून पाहायचे. हे सगळं टेबलाशी बसून जमतं. ते जमलं की फाईल शुद्ध झाली, असं मी मानत होतो.

माझं मत हललं ते रिकाम्या रकान्यांमुळे.

रकाना रिकामा सोडला की बरीचशी सॉफ्टवेअर्स तिथे आधी ठरवून ठेवलेलं उत्तर भरतात. ‘एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग, आहे का?’ नाही. ‘पेमेंटची मुदत?’ नव्वद दिवस. हे उत्तर नियमात बसणारं असल्यामुळे कुठेही लाल खूण उमटत नाही. एका कारखान्यात अशीच चढवलेली एक ओळ मी नंतर नीट वाचली. भोसरीतला एका गाळ्याचा पावडर कोटिंगवाला. पिन ४११०२६. पॅनचं चौथं अक्षर ‘पी’, म्हणजे धंदा कंपनीचा नाही, एका माणसाच्या नावावर चाललेला. उद्यम क्रमांकाचा, म्हणजे एमएसएमई नोंदणीचा, रकाना रिकामा, आणि पुढे आपोआप भरलेलं ‘नाही’ आणि ‘९०’. त्याच्या गाळ्यात गेलो तर उद्यम प्रमाणपत्र फ्रेम करून खुर्चीमागच्या भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलेलं. ते कुणी मागितलंच नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “साहेब, अकाउंट्समधले सांगतात की कॉम्प्युटरमध्ये नव्वद दिवस आहेत. मी कधी नव्वदला हो म्हणालो?”

तो हो म्हणाला नव्हता. कारखान्यातही कुणी बसून तसं ठरवलेलं नव्हतं. कुणीही न घेतलेला निर्णय फाईलीतून आत शिरला होता आणि अकाउंट्समधली भली माणसं तो कंपनीचा नियम म्हणून सांगत होती. याने मी अस्वस्थ झालो, आणि अजूनही होतो.

पेमेंटच्या मुदतीबाबत कायदा स्पष्ट आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. ते व्याज मागणारा छोटा पुरवठादार माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही, कारण पुढचं काम शेजारच्या गाळ्यात जाईल ही भीती त्याला असते. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच) लागू झालं आणि मुदतीबाहेर थकवलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येईना. तेव्हा कुठे कारखाने एमएसएमईचा रकाना शोधू लागले. पण नुसतं हो-नाही विचारून भागत नाही. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी असली तरी त्यालाही नाही. म्हणजे उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम, आणि तो माल बनवतो, सेवा देतो की विकत घेऊन विकतो, हे दोन्ही विचारायला हवं. याचं उत्तर जुन्या फाईलीत नसतंच, ते त्या माणसाकडेच असतं.

फाईल चढवल्यावर सॉफ्टवेअरने नाकारलेल्या ओळींची एक यादी निघते. तिच्याकडे मी पूर्वी कटकट म्हणून बघायचो, आता ती आधी वाचतो. तिच्यात कोण असतं? यंत्रं पुसायला कॉटन वेस्ट देणारा, लाकडी पेट्या दुरुस्त करणारा, घरी बसून रबरी भागांची कड कापून देणाऱ्या बाया. यांची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली, मग क्रमांक कुठून येणार? रकाना सक्तीचा, म्हणून कुणीतरी बनावट क्रमांक घालून ओळ पुढे ढकलतो. सक्ती काढायची आणि ‘नोंदणी नाही’ हा पर्याय द्यायचा, एवढं साधं काम असतं. सॉफ्टवेअरवाल्यांकडे मी आता पहिल्यांदा हेच मागतो.

फाईल मी आजही वापरतो, पण तिच्यात उत्तरं आल्यावरच. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी व्यवहार झाला तेवढेच पुरवठादार घ्यायचे. प्रत्येकाला त्याची ओळ मराठीत व्हॉट्सॲपवर पाठवायची: तुमचं नाव आमच्याकडे असं आहे, खातं हे, मुदत ही, चुकत असेल तर सांगा, कॅन्सल चेकचा आणि उद्यम प्रमाणपत्राचा फोटो पाठवा. कुणी खातं बदललं म्हणून कळवलं तर जुन्या, ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री करायची. बनावट मेल पाठवून पैसे दुसरीकडे वळवण्याचे प्रकार याच वाटेने होतात. मुदतीच्या रकान्यात आपोआप काही भरलं जाणार नाही अशी सोय करून घ्यायची. रिकामं असेल तर ओळ अडू दे.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझाच होता: १ एप्रिलला सुरू करायचं आहे, सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत जून उजाडेल. खरं आहे, उजाडतो. मग काही आठवडे दोन्ही सॉफ्टवेअर चालवावी लागतात आणि खरेदी विभागाची माणसं वैतागतात. तो त्रास कारखान्याने सोसावा असं मी आता म्हणतो. त्याच्याकडे माणसं आहेत, बँकेची कॅश क्रेडिट आहे. गाळेवाल्याला दहा तारखेला पगार वाटायचे असतात. उत्तर न आलेल्यांची यादी मी अकाउंट्सला वेगळी देतो आणि त्यांची बिलं जुन्याच सॉफ्टवेअरमधून, पूर्वी ठरलेल्या मुदतीत चुकती करा, असं लेखी कळवतो.