नियमांचे घर: रिॲलिटी शोच्या भयविडंबनाची घडण

रिॲलिटी शोचे भयविडंबन हा नाटक, कथा आणि चित्रपटातला एक जोडप्रकार आहे. माणसांना एका जागी कोंडायचे, चोवीस तास कॅमेऱ्यापुढे ठेवायचे, त्यांची भूक, झोप आणि अब्रू पणाला लावायची आणि हा खेळ करमणूक म्हणून विकायचा, या व्यवहारावर त्याचा रोख असतो. विडंबन ओळखीची गोष्ट थोडी वाढवून दाखवते. भयकथा त्या वाढीला कुठेच थांबू देत नाही. प्रेक्षक ज्या क्षणी हसत असतो त्याच क्षणी त्याला आपल्या हसण्याची भीती वाटली, तर दोन्ही अंगे जुळली असे म्हणता येते. हे जुळवणे हीच या प्रकाराची खरी कारागिरी.

या प्रकाराचा उगम प्रत्यक्ष रिॲलिटी शोच्याही आधीचा आहे. अमेरिकन लेखक रॉबर्ट शेकली यांची ‘द प्राइझ ऑफ पेरिल’ ही कथा 1958 साली आली. तिच्यात एका सामान्य माणसामागे टीव्हीच्या कार्यक्रमासाठी मारेकरी लागतात आणि देशभरातले प्रेक्षक तो पाठलाग घरी बसून बघतात. याच कथेवरून 1970 साली पश्चिम जर्मनीत ‘दास मिलिओनेनश्पील’ हा टीव्हीपट झाला. तो खरा कार्यक्रम समजून काही प्रेक्षकांनी त्यात भाग घेण्यासाठी विचारणा केली. लिहिणाऱ्याला यातून कायमचा धडा मिळतो: कल्पना कितीही क्रूर असली तरी रांगेत उभे राहायला माणसे तयार असतात, आणि ती का तयार असतात याचे उत्तर कथेत असावे लागते.

स्पर्धकांना एका घरात कोंडणारा ‘बिग ब्रदर’ हा खरा शो त्यानंतर 1999 साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला. त्याची हिंदी आवृत्ती ‘बिग बॉस’ 2006 मध्ये आली, तेलुगू 2017 मध्ये आणि मराठी 2018 मध्ये. चार्ली ब्रुकर यांच्या ‘डेड सेट’ या 2008 सालच्या ब्रिटिश मालिकेने हे घरच भयकथेत ओढले. बाहेर जग उठून चालणाऱ्या प्रेतांच्या तडाख्यात संपत चालले आहे आणि घरातल्या स्पर्धकांना त्याचा पत्ता नाही, अशी तिची मांडणी होती. परंतु या प्रकाराचा अभ्यास प्रेतांपासून सुरू करू नये. तो जपानच्या एका खऱ्या खोलीपासून करावा.

जानेवारी 1998 मध्ये जपानी टीव्हीवरील एका कार्यक्रमासाठी नासुबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तोमोआकी हामात्सु या तरुण विनोदी कलावंताला एका खोलीत ठेवण्यात आले. अंगावर कपडा नाही, अन्न नाही. फक्त मासिके आणि पोस्टकार्डे. मासिकांतल्या सोडती जिंकायच्या आणि त्या बक्षिसांवरच जगायचे. बक्षिसांची किंमत दहा लाख येन भरली की सुटका. एका टप्प्यावर त्याने बक्षिसात मिळालेले कुत्र्याचे खाद्य खाऊन दिवस काढले. त्याचे हाल दर आठवड्याला देशभर दाखवले जात होते आणि लोक ते पाहून हसत होते. आपण किती प्रसिद्ध झालो आहोत याची त्याला कल्पना नव्हती. ध्येय गाठल्यावर त्याला दक्षिण कोरियात नेऊन परतीच्या भाड्यासाठी पुन्हा तोच खेळ खेळायला लावले. एकूण सुमारे पंधरा महिन्यांनी हे संपले, तेही जपानमध्ये परतल्यावर खोलीच्या भिंती एकाएकी कोसळून तो स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर उघडा पडला तेव्हा. ज्या खोलीत त्याने हे हाल सोसले तिच्या दाराला कुलूप नव्हते.

हे बिनकुलपाचे दार भयविडंबनाच्या मर्मस्थानी आहे. नवखा लेखक कुलपे, विजेच्या तारा आणि बंदूकधारी पहारेकरी यांपासून सुरुवात करतो. मग कथा तुरुंगाची होते आणि विडंबन गळून पडते, कारण तुरुंगावर प्रेक्षक हसत नाही. दार उघडे असूनही माणूस बाहेर पडत नाही, तेव्हा त्याला आत धरून ठेवणारे काय आहे हे शोधावे लागते: कर्ज, गावाला दिलेला शब्द, दिलेली संमती मागे घेण्याची लाज, आजवर सोसलेले फुकट जाईल ही भीती. 2021 सालच्या ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेत स्पर्धक मतदान करून बाहेर पडतात आणि घरच्या कर्जाकडे पाहून त्यांतले बहुतेक जण आपल्या पायांनी परत येतात. पुढचे सगळे रक्त दाखवूनही मालिकेतला सर्वात भयंकर भाग तोच राहतो.

प्रत्यक्षात दार खरोखर उघडले जाते, हेही प्रामाणिकपणे मांडायला हवे. जगित्याल जिल्ह्यातील लंबाडीपल्लीच्या गंगव्वा ‘माय व्हिलेज शो’ या यूट्यूब वाहिनीमुळे तेलंगणभर माहीत झाल्या. 2020 मध्ये त्या तेलुगू ‘बिग बॉस’च्या चौथ्या पर्वात गेल्या. शेतमजुरीत आणि मोकळ्या हवेत हयात गेलेल्या या वयस्क बाईंना बंद घरातले दिवस मानवले नाहीत आणि प्रकृतीच्या कारणाने त्या पर्व अर्ध्यावर सोडून बाहेर आल्या. विडंबनकाराने अशा खऱ्या घटनेत नसलेली क्रूरता घुसडू नये. त्याचे काम याच्या पुढच्या प्रश्नाचे आहे: अशा बाईंना जाऊ देणे खेळाच्या हिशेबात बसले नसते, तर त्यांना थांबवण्यासाठी कोणती गोड वाक्ये वापरली गेली असती?

मराठी रंगभूमीने ही घडण फार पूर्वी सिद्ध केली आहे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 साली रंगमंचावर आले, तेव्हा भारतात रिॲलिटी शो हा शब्दही नव्हता. तरी खेळ म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला नायिका लीला बेणारेला कसा गिळतो, हे पाहताना या प्रकाराची सगळी हत्यारे एकेक करून ओळखता येतात. वेळ घालवायला मांडलेला डाव, त्याचे सर्वांनी हसत मान्य केलेले नियम, गंमत म्हणून ठेवलेला आरोप, आणि बाहेरून अडकणारी दाराची कडी. ती कडी नाटकाच्या सुरुवातीलाच सहज बोलण्यात येऊन गेलेली असते. बेणारे निघायला जाते तेव्हा तिचा अर्थ कळतो. शेवटच्या भयाचे साधन पहिल्या पानावर, हसण्याच्या प्रसंगात, बिनमहत्त्वाचे म्हणून ठेवून द्यावे, हा धडा याहून स्वच्छ कुठे सापडणार नाही.

यानंतरचा प्रश्न नियमांचा. भयविडंबनातले नियम चमत्कारिक असून चालत नाहीत. ते प्रेक्षकाच्या रोजच्या जगण्यातून उचललेले असावे लागतात. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात घडणारे असे नाटक लिहायचे तर नियम शोधायला दूर जावे लागत नाही. हा काळ्या मातीचा, कापसाचा जिल्हा. मार्केट यार्डात गाडी लागली की कापसातला ओलावा यंत्राने मोजतात. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) निकषाप्रमाणे आर्द्रता 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, 8 ते 12 टक्क्यांदरम्यान टक्क्यागणिक भाव कापला जातो आणि 12 च्या वर खरेदी होत नाही. वेचणीच्या दिवसांत पाऊस झाला, धुके पडले, तरी आकडा आकडाच राहतो. या निकषामागे व्यापारी कारण आहे, तो लहरी नाही. तरीही वर्षभराची मेहनत एका यंत्राच्या काट्यापुढे धरून उभे राहणे म्हणजे काय, हे इथल्या प्रेक्षकाला अंगाने ठाऊक असते. नाटकातल्या घरात स्पर्धकाच्या हातावर तसेच यंत्र टेकवून त्याच्या घामाचे, अश्रूंचे टक्के मोजले आणि त्यावर रात्रीची भाकर ठरवली, तर एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता सभागृह आधी हसेल आणि मग गप्प होईल.

नियम सांगणारा आवाज कोणत्या भाषेत बोलतो, हेही इथे ठरवून घ्यावे लागते. पैनगंगेकाठच्या बेला, जैनथ या भागात घरात मराठी असते, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी आणि आदिवासी पाड्यांवर गोंडी किंवा कोलामी. अशा घरातला माणूस करारावर सही करतो तो बहुधा इंग्रजीतला. म्हणून घोषणेचा आवाज अगदी घरगुती, आर्जवी मराठीत ठेवावा आणि दंडाची कलमे स्पर्धकाला न कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवावीत. धमकावणारा, घोगरा आवाज नाटकाला हलके करतो. ‘जेवलात ना?’ असे विचारणारा आवाज जेवण तोडतो, तेव्हाच अंगावर काटा येतो.

याच भागात तुलनेसाठी एक मोलाची परंपरा आहे. दिवाळीच्या दिवसांत राजगोंड आदिवासींची दंडारी नाचाची मंडळे गावोगाव जातात. मंडळातला गुसाडी नर्तक मोरपिसांचा मोठा टोप घालतो, अंगाला राख लावतो, खांद्यावर कातडे घेतो आणि व्रत संपेपर्यंत आंघोळ करत नाही. मार्लवाईचे गुसाडी कलावंत कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. वरवर पाहता इथेही शरीराला बांधणारे कडक नियम आहेत, घरापासून दूर राहणे आहे, शेकडो लोकांचे डोळे आहेत. पण पाहुण्या मंडळाला यजमान गाव जेवू घालते, नियम देवाचे आणि सर्वांना सारखे असतात, व्रताचा शेवट आधीच ठरलेला असतो आणि जो आज नाचतो तो उद्या यजमान होऊन दुसऱ्यांचा नाच बघतो. रिॲलिटी शोमध्ये नेमकी ही अदलाबदल तुटलेली असते. नियम करणारा त्या घरात कधीच राहायला येत नाही. लेखकाने ही तुलना मनाशी पक्की करावी. मात्र गुसाडीचा वेश भीती घालण्यासाठी रंगमंचावर आणू नये. ज्यांच्यासाठी तो देवाचा वेश आहे त्यांनाच पुन्हा तमाशाचा माल करणे, म्हणजे ज्या व्यवहारावर नाटक टीका करते त्याच व्यवहारात सामील होणे.

हसण्याची दिशा हाही असाच नाजूक भाग. खेड्यातल्या स्पर्धकाची बोली, कपडे, जेवायची पद्धत यांवर हशा मिळवणे सोपे असते आणि खरे शो तेच करतात. भयविडंबनात तो हशा पहिल्या अंकात मुद्दाम येऊ द्यावा, पण त्याची किंमत दुसऱ्या अंकात प्रेक्षकाकडून वसूल करावी. त्यानंतरचे प्रत्येक हसू ज्याला नफा होतो त्याच्यावर वळले पाहिजे: प्रायोजकाची सहानुभूती, निवेदकाचे मोजून गाळलेले अश्रू, डॉक्टरने जाहिरातीच्या वेळेत बसवलेली तपासणी. स्पर्धकाला प्रतीक करून ठेवू नये. त्याला चुका, हाव आणि हट्ट द्यावेत. निष्पाप बळीची दया येते, आपल्यासारख्या माणसाची भीती वाटते.

या प्रकाराला गिळून टाकण्याची ताकद बाजारात आहे, हे विसरता येत नाही. ‘स्क्विड गेम’वरूनच 2023 मध्ये 456 स्पर्धकांचा खरा बक्षिसी शो निघाला. टीका इतकी देखणी झाली होती की तिचा रंग, वेश आणि खेळ उचलून विकता आले. यावर पूर्ण उपाय नाही, पण दोन गोष्टी मदतीला येतात. पहिली म्हणजे खेळ प्रेक्षकाला स्वतः खेळून बघावासा वाटेल इतका आकर्षक न करणे. दुसरी म्हणजे शेवट विजेत्यावर न करणे. कोण जिंकले याची उत्कंठा शेवटपर्यंत ताणली, तर नाटक स्वतःच शो होऊन बसते. निकाल मध्येच सांगून टाकावा आणि उरलेला वेळ नियम कोणी केले, पैसा कुठून आला, संमतीच्या कागदावर काय लिहिले होते, याला द्यावा.

शेवटची जबाबदारी तालमीची आहे. हौशी मंडळींना उपाशी ठेवून, झोप मोडून, खऱ्या अपमानातून ‘अस्सल’ अभिनय काढण्याचा मोह दिग्दर्शकाला या विषयात सर्वाधिक होतो. नटाला कोणत्याही क्षणी तालीम थांबवता यावी, दृश्यात काय होणार हे त्याला आधी माहीत असावे, आणि त्याची हजेरी, मानधन, जेवण वेळेवर मिळावे. माणसाची दुर्दशा विकणाऱ्यांवर बोट ठेवणारे नाटक आपल्या माणसांना कसे वागवते, यावरच त्याचा बोलण्याचा अधिकार ठरतो.