गाव हाच नायक

चि. ऋचा,

जुने ब्रिटिश विनोदी चित्रपट कुठून बघायला लागू, असं तू विचारलंस. लंडनचे मागाहून बघ. सुरुवात खेड्यापाड्यांपासून कर.

पहिला ‘व्हिस्की गॅलोर!’, १९४९ चा. ईलिंग स्टुडिओचा हा चित्रपट म्हणजे अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांचं पहिलं दिग्दर्शन. युद्धाचे दिवस आहेत. स्कॉटलंडच्या एका बेटावरची व्हिस्की संपलीय आणि नेमकं व्हिस्कीच्या पेट्यांनी भरलेलं जहाज किनाऱ्याजवळ खडकात रुततं. होड्या लोटायची वेळ येते, तोच शनिवारच्या मध्यरात्रीचे टोले पडतात. रविवार लागला! देवाचा वार, कामाला हात लावायचा नाही. डोळ्यांसमोर जहाज खचतंय आणि अख्खं गाव दिवसभर तळमळत बसून राहतं. सरकारचा कायदा मोडायला एका पायावर तयार असलेली माणसं स्वतःचा नेम मात्र मोडत नाहीत. या जातीच्या चित्रपटांची सगळी लज्जत त्या एका प्रसंगात आहे. पुढे झडती येते तेव्हा बाटल्या कुठे कुठे दडतात ते नीट बघ: पाळण्यात बाळाखाली, छपराच्या पन्हळीत!

गोष्टीचा पाया खरा आहे. १९४१ साली एरिस्के बेटाजवळ ‘एस. एस. पॉलिटिशियन’ हे जहाज असंच अडकलं होतं. त्यावरून कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी कादंबरी लिहिली आणि चित्रीकरण शेजारच्याच बॅरा बेटावर झालं.

‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ (१९५३) मागेही असाच आधार. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये हौशी स्वयंसेवकांनी चालवायला घेतली होती. चित्रपटात गावची गाडी बंद व्हायची वेळ येते, तेव्हा पाद्रीबुवा स्वतः इंजिनावर चढतात. पैसा देतो गावातला एक धनिक, कारण धावत्या गाडीतला बार सकाळीच उघडता येईल! शेवटी संग्रहालयातलं जे म्हातारं इंजिन धावतं, ते खरोखरच १८३८ चं ‘लायन’ आहे.

‘लोकल हिरो’ (१९८३) मात्र सवडीने बघ. अमेरिकन तेल कंपनीचा मॅक एक मासेमारीचं गाव विकत घ्यायला येतो. आता गावकरी बाह्या सरसावणार, असं आपल्याला वाटतं. दिग्दर्शक बिल फोर्सिथ यांच्या गावकऱ्यांना तर विकायची कोण घाई! भाव चढावा म्हणून ते आढेवेढे घेतात, एवढंच. अडतो एकटा म्हातारा बेन. समुद्रकिनारा त्याच्या मालकीचा. तो मूठभर वाळू उचलतो आणि कणाला एक पौंड मागतो. मॅक हबकून नाही म्हणतो. त्या क्षणी कोणीही वेडा किंवा गावंढळ ठरत नाही. फोर्सिथ दोघांनाही सारख्याच मायेने वागवतात, म्हणून हा चित्रपट मला सर्वांत लाडका.

पडद्यावरचं ते गाव दोन ठिकाणांहून जुळवलंय. घरं ॲबर्डीनशायरमधल्या पेननची, वाळू पश्चिम किनाऱ्यावरची. त्यात दिसते ती टेलिफोनची लाल खोकीही चित्रपटासाठी उभारलेली होती. तरी प्रेक्षक ती शोधत पेननला येऊ लागले आणि पुढे तिथल्या खऱ्या खोकीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

‘व्हिस्की गॅलोर!’ याच नावाने २०१६ साली पुन्हा निघालाय. घोटाळा करू नकोस, कृष्णधवलच लाव.

तुझी,
मावशी