पांढऱ्याचं वय

"मिस्त्री, पांढरोच मां रंग? त्यात जुळवूचा काय आसा?" मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटक नेणाऱ्या एका फायबर होडीचा मालक मला म्हणाला होता, आणि तेव्हा मलाही ते पटलं होतं. जेटीला आपटून नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, वीतभर भेग पडली होती. डब्यातला पांढरा जेलकोट घेतला, रात्री शेडमधल्या ट्यूबलाइटखाली भरला, घासला, चकाकवला. सकाळी होडी उन्हात आणली तर नाळेवर ठिगळ! मालक काहीच बोलला नाही. पण पुढे कितीतरी दिवस ती होडी जेटीला लागली की माझी नजर आधी त्या ठिगळावर जायची.

जेलकोटला सगळे रंगच म्हणतात, पण तो होडीवर मागाहून चढत नाही. साच्यात सगळ्यांत आधी तोच लागतो, मग त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिनचे थर बसतात. म्हणजे होडीची कातडी आधी तयार होते, अंग नंतर. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, पाच-सहा कागद एकावर एक ठेवावेत इतकी. ऊन, खारं पाणी, दोरखंडाचं घासणं, सगळं आधी त्याच्या वाट्याला येतं. काही वर्षांत तो पिवळसर होतो, वरून खडूसारखा भुरा पडतो. हाताने पुसलं तर बोटाला पांढरी पूड लागते.

म्हणून आता मी डबा उघडण्याआधी होडीपाशी बसतो. भेगेशेजारची वीतभर जागा रबिंग कंपाउंडने घासून पूड काढतो. खाली निघतो तो होडीचा आजचा खरा रंग. नांगरलेली होडी वर्षानुवर्षं एकाच बाजूने ऊन खात असेल, तर दोन्ही कुशींचा पांढरा सारखा राहत नाही. एकाच होडीला डावी-उजवीकडे वेगळी मिश्रणं लावायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे.

रंग जुळवायचा तो सकाळच्या उजेडात, शेडच्या बाहेर. शंभर ग्रॅम पांढरा जेलकोट वाटीत घ्यायचा आणि पिवळं पिगमेंट काडेपेटीच्या काडीच्या टोकाने टाकायचं. थेंबाने टाकलं तर संपलंच, मग त्याला परत पांढरं करायला अर्धा डबा लागतो. पिवळ्याने ऊब येते, पण जुनेपणा येत नाही. त्यासाठी थोडा काळा हवा, आणि फसगत तिथेच होते: पिवळ्यात काळा पडला की हिरवट झाक येते. शेवाळाची वाटावी अशी. ती मारायला तपकिरी किंवा लालाचा एक स्पर्श पुरतो. ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. वाया गेलेल्या वाट्यांनी सांगितली.

हार्डनर घालण्यापूर्वी त्यातला ठिपका भेगेशेजारी होडीवरच लावून बघतो, मग ॲसिटोनने पुसून टाकतो. तरीही ओल्या ठिपक्यावर माझा पूर्ण भरवसा नसतो. वाळल्यावर, घासल्यावर, पॉलिश झाल्यावर रंग थोडा सरकतो. म्हणून एक ठिपका फायबरच्या तुकड्यावर हार्डनर घालून पक्का करतो, घासून चकाकवतो आणि तोच होडीला लावून पाहतो. यात अर्धा दिवस जातो. मालकाला तो वाया वाटतो, मला नाही.

भेगेचं काम त्याहून सरळ, पण तिथे आळस चालत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर त्या वरून भरून उपयोग नाही, त्या परत उगवतात. प्रत्येक भेग कोरून व्ही आकाराची करायची, कडा उतरत्या घासायच्या आणि खालचं फायबर तुटलंय का ते बघायचं. तुटलं असेल तर आधी मॅट. जेलकोटवर आलेला एखादा फुगा फोडल्यावर आतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर पाणी खोल शिरलं आहे असं समजावं, आणि होडी आठवडे सुकू द्यावी. किल्ल्याची वाहतूक पावसाळ्यात बंद असते, तेव्हाच सगळ्या होड्या दुरुस्तीला येतात आणि तेव्हाच हवेत सर्वाधिक ओल असते. मी हॅलोजनचा दिवा लावून जागा कोरडी करतो आणि मगच हात लावतो.

भरताना जेलकोट कडेपेक्षा किंचित वर ठेवायचा, कारण तो आकसतो. वर पारदर्शक फिल्म दाबायची, नाहीतर हवेमुळे पृष्ठभाग चिकट राहतो. मग वॉटर पेपर: 400, 600, 1000, 1500. बोटाने नव्हे, सपाट ठोकळ्यावर कागद गुंडाळून. बोटाने घासलं की खळगा पडतो आणि उन्हात तो लांबून दिसतो.

हाताखाली येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट दोनदा सांगतो. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रावण, आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर नंतर. दोन्ही बाटल्या एका फळीवरही ठेवायच्या नाहीत. आणि चष्मा घातल्याशिवाय हार्डनरचं झाकण उघडायचं नाही, कारण त्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो.

होडीवाल्यांना एवढीच विनंती: भेग दिसली की तिच्यावर ऑइलपेंट मारू नका, गाडीची पुट्टीही भरू नका, ती पाणी पिते. होडी आहे तशी, मळकी, भेगाळलेली घेऊन या. आणि सकाळी या, ऊन असताना.