पवई ते लंडन : किती प्रहर?

गेल्या वैशाखात आम्ही उभयतां लंडनास चिरंजीवांकडे निघालो, तेव्हा नव्वदीच्या मातोश्रींनी एकच प्रश्न केला : "तिकडून निघालास, तर किती प्रहरांत घरी येशील?" प्रश्नाचा रोख कळण्याइतके आमचेही वय झालेले आहे. घरी धाकटे बंधू सहकुटुंब होते. तरी आम्ही हिशेब मांडावयास बसलो.

शाळेत भूगोल शिकविताना पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून दाखविण्याचा आमचा परिपाठ असे. भिंतीवरील नकाशात सरळ रेघ ओढली, तर ती इराणचे आखात, सीरिया, ग्रीस अशी जाते. गोलावरील दोरा मात्र उत्तरेस वळून पूर्व इराण, कास्पियन समुद्र, कॉकेशस पर्वत व युक्रेन यांवरून जातो, आणि तीच वाट जवळची. "गुरुजी, दोरा सरकला," असे मुले म्हणत. या दोऱ्याचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते.

परंतु आकाशासही धनी असतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद राहिल्याने युरोपच्या विमानांस वळसे पडले. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्धामुळे युक्रेनचे आकाश मिटले. शिवाय उंचावर पश्चिमेकडून वेगवान वारे वाहतात. म्हणून जाताना साडेनऊ-दहा तास, तर येताना तासभर कमी. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडियाचे विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनिव्हा करीत १० जूनला लंडनास पोहोचले. त्यापुढे आमचे काय! विमानतळावर तीन तास, आकाशात नऊ, पुढे सामान व साकीनाका मिळून तीन : एकूण पंधरा तास, म्हणजे पाच प्रहर. मातोश्रींनी मान डोलावली.

लंडनास जाऊन बारा दिवस झाले होते. रात्री साडेअकरास बंधूंचा दूरध्वनी आला. येथे तेव्हा पहाटेचे चार. मातोश्री न्हाणीघरात पडल्या होत्या व मांडीचे हाड मोडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एकाही विमानात जागा मिळेना. मिळाली ती रात्री साडेनऊची. तो संबंध दिवस आम्ही चिरंजीवांच्या खिडकीशी बसून काढला. आमच्या हिशेबात तिकिटास रकानाच नव्हता.

मुंबईवर विमान उतरू लागले, तेव्हा उजव्या खिडकीतून पवईचा तलाव दिसला. मुंबईस पाणी मिळावे म्हणून १८९१ मध्ये बांधलेला हा तलाव. त्याच्या काठावर रोज फिरावयास जाणाऱ्या आम्हांस तो वरून पळीभर पाण्याएवढा वाटला. घर डोळ्यांसमोर होते. परंतु तेथून अवघ्या सहा-सात किलोमीटरांस साकीनाक्याच्या गर्दीत एक तास गेला. तसेच इस्पितळ गाठले.

पायास वजन बांधलेल्या मातोश्री जाग्या होत्या. आम्ही कपाळावर हात ठेवला. त्यांनी डोळे न उघडता बोटांची पेरे मोजली.

"अकरा झाले रे," त्या म्हणाल्या. "पाच म्हणाला होतास."

मग सौभाग्यवतींकडे वळून त्यांनी विचारले, "नातवाने पोळी शिकली का करावयास?"