हंगामी माणसं, पक्की नोंद

दिवाळीच्या तोंडावर दादरच्या रानडे रोडच्या दुकानांत कामगार पुरवणाऱ्या एजन्सीची मुलं कामाला येतात. कुणी विरारहून, कुणी अंबरनाथहून. पहिल्या दिवशी आधी पाणी, संडास, डबा खायची जागा दाखवावी आणि अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगावं. रॅक आणि बिलिंग त्यानंतर.

•

तात्पुरती माणसं या भागाला नवी नाहीत. कोहिनूर, गोल्ड मोहर, स्प्रिंग. दादर-नायगावच्या गिरण्यांनी बदली कामगार पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. कायम कामगाराचा खाडा पडला तरच काम, आणि निवड जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती. त्याचे हात ओले करावे लागत. 1935 साली गिरणीमालक संघाने बदली कार्डं आणली. एक तारखेला ठरावीक लोकांना कार्ड, रोज सकाळी हजेरी, रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. तरीही माणसं वर्षानुवर्षं बदलीच राहिली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात बदलींना कायम करा, हीसुद्धा मागणी होती.

•

पक्क्या नोंदीचा एक मार्ग: माथाडी कायदा, 1969. त्यामागे अण्णासाहेब पाटलांचा लढा. हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या; पण नोंद माथाडी मंडळात. मजुरी आणि त्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची, पगार आणि पीएफ तिथून. मालक बदलला तरी हक्क सुटत नाही. एजन्सीच्या मुलांना नेमकं हेच मिळत नाही.

•

‘पगाराचं एजन्सीला विचार’ हे दुकानाचं उत्तर बंद करायला हवं. 1970च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदार पगार वाटताना मुख्य मालकाचा माणूस हजर असणं आणि त्याने रक्कम प्रमाणित करणं बंधनकारक केलं होतं. ठेकेदाराने पैसे बुडवले, तर ते मालकाने द्यायचे.

•

उद्या यायचं की नाही, ते आज निघण्याआधी सांगावं. लोकलमध्ये बसलेल्या मुलाला ‘आज नको’ असा फोन गेला, की त्याचा रोज बुडतो आणि आपल्यावरचा विश्वासही.

•

साडी काउंटरवरची एजन्सीची मुलगी पदर वर राहील अशी घडी घालते. पुढच्या गिऱ्हाइकासाठी साडी पुन्हा उलगडावी लागत नाही. कायम स्टाफला आता तीच शिकवते. सकाळच्या मीटिंगमध्ये तिचं नाव सगळ्यांसमोर घेतलं. त्या दिवसापासून बाकीची मुलंही आपणहून सुचवू लागली.

•

हंगाम संपताना तीन गोष्टी: शेवटचा हिशेब वेळेत, दुकानाच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र आणि पुढच्या दिवाळीसाठी नाव-नंबराची यादी. कायम जागा निघाली, तर पहिला फोन त्या यादीतल्या माणसाला.