दुसरी चावी

गाडीची चावी हरवली तर पूर्वी फारसं बिघडत नव्हतं. मंडईजवळ किंवा पेठेत कुठेतरी फूटपाथवर कानस आणि चाव्यांचा जुडगा घेऊन बसलेला चावीवाला गाठायचा, कुलूप दाखवायचं, चहा होईपर्यंत नवी चावी हातात. अब्बांची बजाज स्कूटर अशा तीन-चार नकली चाव्यांवरच म्हातारी झाली. आजच्या चारचाकीची चावीही दिसायला तशीच आहे. पण गाडी सुरू होते ती तिच्या लोखंडी पात्याने नव्हे, काळ्या मुठीत लपलेल्या चिपने.

मी शिक्षिका आहे, म्हणून मला हे हजेरीच्या भाषेत सांगायला सोपं जातं. स्टिअरिंगजवळ चावी घालतो त्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की गाडी त्यातून हाक मारते आणि मुठीतली चिप आपली ओळख सांगते. तिला सेल लागत नाही, त्या हाकेच्या लहरींवरच ती क्षणभर जागी होते. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक हजेरीपट असतो. त्यात ती ओळख सापडली तर इंजिन चालू, नाही तर पातं कितीही तंतोतंत कापलेलं असो, डॅशबोर्डवरचा छोटा दिवा लुकलुकत राहतो आणि गाडी जागची हलत नाही. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला, पुढे आपल्याकडच्या साध्या गाड्यांतही आला. मारुतीच्या गाड्यांत त्याला आय-कॅट्स हे नाव आहे.

दार उघडणारं रिमोट ही वेगळी गोष्ट. ते बटणासारख्या सेलवर चालतं. सेल संपला तर बटण दाबून दार उघडत नाही, पण चावीने दारही उघडतं आणि गाडीही सुरू होते. हा फरक माहीत नसल्याने पन्नास-साठ रुपयांच्या सेलसाठी लोक नवी चावी करायला निघतात. (सेलवर बहुधा सीआर २०३२ लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा वाट न पाहता दवाखाना गाठावा.)

हे सगळं मला शिकावं लागलं ते आपामुळे. दुल्हाभाई जानेवारीत अचानक गेले. खडकवासल्याच्या त्यांच्या घरात आपा, तिचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, त्यामुळे दारातली छोटी गाडी ही त्या घराची चैन नव्हती. ती दुल्हाभाईंनी २०२१ साली सेकंडहँड घेतलेली. घेताना एकच चावी मिळाली. दुसरी ‘घरात कुठेतरी आहे, सापडली की देतो’ असं आधीचा मालक म्हणाला होता. ती कधी आलीच नाही.

उन्हाळा लागताना एका रविवारी भाचा मित्रांबरोबर धरणाच्या चौपाटीवर गेला. पाणी मागे सरकलेलं, काठाला चिखल, रस्त्यावर कणसं आणि भजी खाणाऱ्यांची नेहमीची जत्रा. तिथे चावी खिशातून गेली. पोरांनी अंधार पडेपर्यंत चिखल उपसला. रात्री फोन आला, “खाला, गाडी रस्त्यावरच आहे आणि मंगळवारी दादीला न्यायचंय.”

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने अदबीने विचारलं, “आरसी कोणाच्या नावावर आहे? त्यांनी स्वतः ओळखपत्र घेऊन यावं लागेल.” भाच्याने मान खाली घातली. मी सांगितलं, ते हयात नाहीत. मग तो आत जाऊन आला आणि म्हणाला, आधी गाडी वारसाच्या नावावर करून घ्या, मग चावी मागवू, यायला दोन आठवडे लागतील. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. चावी म्हणजे गाडीच, ती वाटेल त्याला कशी देणार? पण मंगळवार तर उद्यावर आला होता.

इथे कागदांबद्दल सांगते, कारण आपल्या घरांत हा विषय वर्षानुवर्षं पडून राहतो. वाहनाचा मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तसं कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. इद्दत असते चार महिने दहा दिवसांची. म्हणजे सरकारी मुदत संपते तेव्हाही बाई इद्दतीतच असते. ‘इद्दत झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्या घरांची मुदत अशीच टळते. आपाच्या सह्या आम्ही घरी घेतल्या आणि संगम पुलाजवळच्या आरटीओत फेऱ्या मारल्या मी आणि भाच्याने. तीस दिवसांचं पत्र दिलेलं होतं, पण नाव बदलून यायला अवकाश होता. २०२१ पासून आरसीत नॉमिनी नोंदवण्याची सोय आहे. दुल्हाभाईंनी ती केली असती तर अर्ध्या फेऱ्या वाचल्या असत्या. घरच्या पुरुषांनी हे जिवंतपणी करून ठेवावं, त्यात अपशकुन काही नाही.

मंगळवारी सासूबाईंना रिक्षाने नेलं. साडेपाचशे रुपये आणि परतताना त्यांना झालेल्या उलट्या. त्याच संध्याकाळी नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्ट्सवाल्याने चावीवाल्याचा नंबर दिला. चाळिशीचा माणूस. वडील फूटपाथवर बसून चाव्या घासायचे, याने कर्ज काढून प्रोग्रामिंगचं मशीन घेतलेलं. फोनवर त्याने दर सांगण्याआधी आरसी मागितली.

बुधवारी तो स्कूटरवर खडकवासल्याला आला. आरसी, मृत्यूचा दाखला, आरटीओला दिलेल्या पत्राची पोच, चावी हरवल्याची पोलिसांच्या संकेतस्थळावरची नोंद, भाच्याचं आधार कार्ड, सगळं पाहिलं. एका जाड वहीत लिहिलं, भाच्याची सही घेतली. तरीही मशीन बाहेर काढेना.

“बेटा, अम्मीला फोन लाव.”

आपाला त्याने सलाम केला, दुल्हाभाईंच्या मगफिरतीसाठी दुआ दिली आणि सरळ विचारलं, “बहनजी, ही गाडी मी उघडू का? तुमची परवानगी आहे ना?” आपा हो म्हणाली तेव्हा त्याने पेटी उघडली. मला म्हणाला, “टीचर, माझ्याकडे कुठलीही गाडी उघडायची विद्या आहे. माझ्या धंद्यात हीच अमानत.” चावीवाला निवडताना लोक दर विचारतात. मी आता आधी पाहीन, तो कागद मागतो का. काहीच न विचारता गाडी उघडून देणारा उद्या तुमचीही गाडी दुसऱ्याला उघडून देईल.

पुढचं काम दोन तासांचं. पातळ अवजाराने दार उघडलं, कुलपाचे खाचे वाचून नवं पातं कापलं. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन जोडलं. अशाच सॉकेटमधून मेकॅनिक इंजिनाचे दोष तपासतात. पडद्यावर आलं, नोंदलेल्या चाव्या २. एक धरणाच्या चिखलात, आणि दुसरी? ती चार वर्षं त्या जुन्या मालकाच्या घरात किंवा आणखी कोणाच्या हातात, आणि गाडी तिला रोज हजर धरत होती. त्याने दोन्ही नावं पटावरून खोडली आणि नवी चढवली. त्या हरवलेल्या चाव्यांनी दार अजूनही उघडेल, कारण कुलूप तेच आहे. पण इंजिन सुरू होणार नाही.

सेकंडहँड गाडी घेताना आपण टायर दाबून बघतो, बॉनेट उघडतो, मामाच्या ओळखीचा मेकॅनिक नेतो. गाडीच्या पटावर किती चाव्या आहेत हे कोणी विचारत नाही. चावीवाल्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरला हे तपासता येतं, जुन्या चाव्या खोडताही येतात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते. एक कमी असेल तर ती कधी हरवली, नोंद केली होती का, हे प्रश्न येतात आणि दावा अडतो.

खर्च सांगते, तोही फक्त आमच्या गाडीचा. पहिल्या चावीचे साडेतीन हजार, रिमोटशिवाय. दुसरीचे पंधराशे. पहिली महाग, कारण एकही चावी हातात नसताना पातं कुलपावरून घडवावं लागतं आणि गाडीचा गुप्त कोड मिळवावा लागतो. एक चालू चावी हाताशी असेल तर दुसरी करणं अर्ध्याहून कमी पैशांचं आणि तासाभराचं काम. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचा खर्च याच्या कितीतरी पट. (त्या चावीचा सेल संपला तर घाबरू नका. बहुतेक गाड्यांत चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून ते दाबलं की गाडी सुरू होते, आणि दारासाठी मुठीत छोटं पातं लपवलेलं असतं.) नव्या गाडीबरोबर चावीच्या नंबराचा पत्र्याचा छोटा बिल्ला मिळाला तर तो चावीच्याच कडीत अडकवू नका. घरच्या कागदांत ठेवा.

शनिवारी सासूबाई स्वतःच्या गाडीने डायलिसिसला गेल्या. इद्दत संपली त्याच आठवड्यात आपाच्या नावाची आरसी पोस्टाने आली. दुसरी चावी तिने माझ्याकडे ठेवायला दिली, कारण तिच्या मुलाच्या खिशांवर तिचा आता विश्वास नाही. पण महिन्याभरात ती परत मागून घेतली. तिने लर्निंग लायसन्स काढलं आहे. सकाळी फजरनंतर रस्ता मोकळा असतो तेव्हा मुलगा शेजारी बसतो आणि ती चालवते. रिव्हर्स अजून नीट जमत नाही.